स्वतःचा इथेरियम आरपीसी नोड: डिस्क, दोन क्लायंट आणि उघडा ८५४५

बिनतारी (धागाकर्ता)

मागे एका धाग्यात "फुकटचा आरपीसी पत्ता सारखा अडवतो, स्वतःचा नोड टाकावा का" ही चर्चा अर्धवट राहिली होती. तिथेच लांबवण्यापेक्षा वेगळा धागा बरा. (नोड म्हणजे साखळीची प्रत ठेवणारं मशीन, आरपीसी म्हणजे प्रोग्रामने त्याला प्रश्न विचारायची सोय.) आमच्या छोट्या टीमचा इथेरियम मेननेटचा (खऱ्या साखळीचा) नोड मी सांभाळतो. काम म्हणजे टोकनच्या नोंदी वाचून हिशेबाचा ताळा घालणं. व्यवहार पाठवणं नगण्य, वाचणं भरपूर. पुढचं सगळं त्या नजरेतून वाचा.

आधी कशाला ते. मेटामास्क असो की तुमची पायथन स्क्रिप्ट, साखळीशी बोलायला कुठला तरी नोड लागतोच. बहुतेकांचा तो इन्फ्युरा किंवा अल्केमीसारख्या कंपनीचा असतो. ११ नोव्हेंबर २०२० रोजी इन्फ्युराकडे गेथची (नोड चालवणाऱ्या एका सॉफ्टवेअरची) जुनी आवृत्ती चालू होती, तिच्यातल्या दोषामुळे त्यांचे नोड मुख्य साखळीपासून फुटले. मेटामास्क गोंधळलं, बायनान्सने ईथर काढणं काही काळ थांबवलं. इथेरियम मात्र त्या वेळीही चालूच होतं. मार्च २०२२ मध्ये इन्फ्युराचं निर्बंधांचं सेटिंग नको तेवढं पसरलं आणि व्हेनेझुएलातल्या लोकांची पाकिटं बंद पडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने पैशाचा माग पुसणाऱ्या टोर्नेडो कॅशवर निर्बंध घातले, तेव्हा त्याच्या करारांकडे (साखळीवरच्या प्रोग्रामांकडे) जाणाऱ्या विनंत्या याच कंपन्यांनी अडवल्या. बरोबर की चूक हा वाद इथे नको. साखळी कोणाची नसली तरी तिच्याकडे जाणारा रस्ता कोणाचा तरी असतो, एवढं लक्षात घ्या.

तरीही दिवसाला शे-दोनशे प्रश्नच विचारायचे असतील तर नोडच्या फंदात पडू नका. देखभालीचा वेळ धरला तर ते महागात पडतं.

हार्डवेअरमध्ये सगळा खेळ डिस्कचा. सीपीयू बऱ्यापैकी नवा, चार-आठ कोरचा असला की भागतं. रॅम ३२ जीबी घ्या; १६ वर बसतं, पण दाटीवाटीने. डिस्क एनव्हीएमईच, किमान २ टीबी आणि टीएलसी प्रकारची. क्यूएलसी या दुसऱ्या प्रकारच्या चिपची स्वस्त मिळते, पण जाहिरातीतला वेग एक मोठी फाइल सलग कॉपी करतानाचा असतो. नोडला दर १२ सेकंदांनी नवा ब्लॉक येतो आणि प्रत्येकासाठी डिस्कभर विखुरलेल्या हजारो बारीक नोंदी वाचाव्या-लिहाव्या लागतात. क्यूएलसीची कॅश भरली की वेग असा कोसळतो की नोड मागे मागेच पडत जातो, आणि लॉगमध्ये धड एक एररही दिसत नाही. स्वस्त व्हीपीएसला (भाड्याच्या आभासी सर्व्हरला) नेटवर्कवरून जोडलेली डिस्क असते, तिचीही हीच गत.

जुन्या मार्गदर्शिकांवर विसंबू नका. २०२५ च्या सुरुवातीला ब्लॉकची गॅस मर्यादा (एका ब्लॉकमध्ये मावणाऱ्या कामाचं माप) ३ कोटी होती, वर्षअखेरीस ती ६ कोटींवर गेली. म्हणजे तेव्हा 'पुरेसं' असलेलं मशीन आज पुरेलच असं नाही. दुसरीकडे जुलै २०२५ पासून सगळ्या प्रमुख क्लायंटमध्ये (नोडच्या सॉफ्टवेअरमध्ये) मर्जच्या, म्हणजे इथेरियम मायनिंग सोडून प्रूफ ऑफ स्टेकवर (ईथर तारण ठेवण्यावर) गेलं त्याच्या, आधीचा ब्लॉक-इतिहास टाकून देण्याची सोय आली, त्याने ३०० ते ५०० जीबी मोकळे होतात. २ टीबी अजून पुरतात ते त्यामुळेच. निवांत झोप हवी असेल तर ४ घ्या.

आता दोन क्लायंट. १५ सप्टेंबर २०२२ च्या मर्जनंतर नुसता गेथ चालवून काहीही होत नाही. व्यवहार चालवून पाहणारा एक्झिक्युशन क्लायंट (गेथ, नेदरमाइंड, बेसू, एरिगॉन, रेथ यांपैकी एक) आणि कुठला ब्लॉक खरा ते सांगणारा कन्सेन्सस क्लायंट (लाइटहाउस, प्रिझम, टेकू, निंबस, लोडस्टार यांपैकी एक), अशी जोडी लागते. दोघं ८५५१ पोर्टवर बोलतात आणि ओळख पटवायला ३२ बाइटची एकच गुप्त किल्ली दोघांकडे असावी लागते. ती फाइल दोन्ही प्रोसेसना वाचता येते ना, हे आधी बघा. वेगवेगळ्या युजरखाली क्लायंट चालवले की परवानगीची माशी इथेच शिंकते. दोन वेगळ्या मशीनवर ठेवणार असाल तर घड्याळं जुळवा: त्या किल्लीने बनवलेल्या ओळखीच्या टोकनवरची वेळ ६० सेकंदांहून जास्त हलली की एक्झिक्युशन क्लायंट ते नाकारतो. घड्याळ जुळवणारं क्रोनी बसवा आणि विसरा.

सिंकचं सांगायचं तर कन्सेन्सस बाजूला चेकपॉइंट सिंक (दुसऱ्याकडून अलीकडची पक्की स्थिती घेऊन सुरुवात) वापरा, काही मिनिटांत काम होतं. फक्त ज्याच्याकडून चेकपॉइंट घेतला त्याचा हॅश दुसऱ्या ठिकाणी पडताळा. तेवढाही कंटाळा करायचा असेल तर स्वतःचा नोड कशाला? गेथचा स्नॅप सिंक (ताजी स्थिती थेट उतरवून घेणं) काही तासांपासून दिवसभरापर्यंत चालतो. शेवटी 'स्टेट हील' नावाचा टप्पा येतो, त्यात टक्केवारी दिसत नाही आणि तोवर ब्लॉक क्रमांक शून्यच येतो. घाबरून रीस्टार्ट करत बसू नका.

आणि ८५४५. गेथ मुळात हा पोर्ट फक्त त्याच मशीनपुरता उघडतो. लोक "बाहेरून जोडलं जात नाही" म्हणून चारी शून्यांचा पत्ता (०.०.०.०, म्हणजे कुठूनही या) टाकतात, आणि वर अॅडमिन, डीबग सगळे विभाग खुले करतात. विभाग तीनच ठेवा: एथ, नेट, वेब३. बाहेरच्या जगाला खुले ठेवायचे पोर्ट म्हणजे ३०३०३ आणि कन्सेन्ससचा (लाइटहाउसला ९०००), दोन्ही टीसीपी आणि यूडीपीवर. बाकी सगळं बंद.

कमांडा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या बदलत राहतात, क्लायंटच्या दस्तऐवजातून घ्या. अडलं तर विचारा.

तिरकस

वाखु (वाचनखूण) साठवली. एक बाळबोध प्रश्न: यातून महिन्याला सुटतात किती?

बिनतारी

शून्य. वीज आणि सर्व्हरचं भाडं उलट जातं. मोबदला ब्लॉक सुचवणाऱ्या-तपासणाऱ्या व्हॅलिडेटरला मिळतो आणि त्यासाठी किमान ३२ ईथर अडकवावे लागतात. आरपीसी नोड फक्त उत्तरं देतो.

सई_म

छान धागा. पोर्टच्या मुद्द्यात एक भर, कारण यात भलेभले फसतात.

उबंटूवर यूएफडब्ल्यू (फायरवॉल) लावलंय, ८५४५ बंद आहे, स्टेटसमध्येही तसंच दिसतंय. पण गेथ डॉकरमध्ये चालतोय आणि कंपोझ फाइलमध्ये पोर्ट "८५४५:८५४५" असा लिहिलाय. तर तो पोर्ट जगाला उघडा आहे! डॉकर आपले नियम थेट आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या खालच्या फायरवॉलमध्ये) घालतो, ते यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाहीत. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे तो त्या मशीनपुरताच राहील. आणि तपासणी सर्व्हरवर बसून नको. मोबाइलच्या डेटावरून किंवा दुसऱ्या मशीनवरून करा.

"कोण येतंय माझ्या नोडवर" म्हणणाऱ्यांसाठी: जून २०१८ मध्ये चीनमधल्या छिहू ३६० च्या नेटलॅबने दाखवून दिलं होतं की ८५४५ उघडा असलेले नोड शोधत फिरणाऱ्या एका टोळीने ३८ हजारांवर ईथर लांबवले होते. नोडवर खातं अनलॉक करून ठेवलेलं असायचं, बॉट नुसता टपून बसायचा. तेव्हा नोडवर खातं, किल्ली काही म्हणजे काही ठेवू नका. खातं नसलं तरी उघड्या पोर्टवर कोणीही जड प्रश्न विचारून तुमची डिस्क घुसळत बसतो, ते वेगळंच.

पंचगंगेकाठी

आमच्याकडे घरीच जुना डेस्कटॉप पडलाय, ३२ जीबी रॅम आहे. नवी एनव्हीएमई टाकून घरच्या फायबरवर चालेल का? इन्व्हर्टर आहे, पण देखभालीसाठी लाइट गेली की अख्खी दुपार नसते.

बिनतारी

शिकायला जरूर चालेल. दोन गोष्टी बघा. एक, घरगुती 'अमर्याद' प्लॅनवर बहुधा महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, बारीक अक्षरात. दोन्ही क्लायंट मिळून एक टीबी सहज ओलांडतात, म्हणून पीअर (जोडलेले इतर नोड) कमी करा. गेथ मुळात ५० धरतो. दुसरं, सीजीनॅट. तुमच्या राउटरला खरा सार्वजनिक आयपी नसेल तर बाहेरून कोणी तुमच्याशी जोडू शकत नाही. नोड चालतो, फक्त तुम्हीच दुसऱ्यांना फोन लावत बसता.

पहिल्यांदाच करताय तर आधी सेपोलिया किंवा हूडी या टेस्टनेटवर (सरावाच्या साखळीवर) हात साफ करा. डिस्क कमी लागते आणि जोडी जुळवण्याच्या सगळ्या भानगडी तिथेच कळतात.

अप्पा_सर्व्हरवाले

लाइटचा विषय निघालाच आहे तर बोलतो. लाइट जाण्यापेक्षा नोड नीट बंद न होणं जास्त छळतं, आणि ते डेटा सेंटरमध्येही होतं. गेथ बराच ताजा डेटा रॅममध्ये धरून असतो, बंद होताना डिस्कवर उतरवतो. त्याला वेळ लागतो. डॉकर थांबायला सांगितल्यावर १० सेकंद वाट बघतो आणि सरळ ठार मारतो. सिस्टमडी (लिनक्सवर सेवा चालू-बंद करणारा) ९० सेकंद देतो. मग पुढच्या वेळी लॉगमध्ये "अनक्लीन शटडाउन" उमटतं आणि मागचे ब्लॉक पुन्हा चावत बसतं. कंपोझमध्ये थांबण्याची मुदत पाच मिनिटं करा, सिस्टमडीतही तेवढीच. यूपीएस यूएसबीने जोडून बॅटरी संपायच्या आत आपोआप शटडाउन होईल असं लावा. नुसता इन्व्हर्टर मशीनला काही सांगत नाही हो.

पंचगंगेकाठी

धन्यवाद अप्पा, ती दहा सेकंदांची गोष्ट माहीतच नव्हती. हूडीवर सुरू करतो.

म्युनिचकर

युरोपात स्वस्तात डेडिकेटेड सर्व्हर मिळतो म्हणून बरेच भारतीय इकडे वळतात. घेण्याआधी अटी वाचा. हेट्झनरने ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की मायनिंगशी दूरान्वयानेही संबंध असलेलं काही चालणार नाही, आणि त्यात इथेरियमचे नोडही धरले होते, प्रूफ ऑफ स्टेकवाले धरून. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांच्याकडच्या सोलाना सर्व्हरवर प्रत्यक्ष गदा आली आणि हजाराच्या आसपास व्हॅलिडेटर एकदम बाहेर पडले. त्यामुळे "सध्या तर चालतंय की" हा युक्तिवाद मला पटत नाही.

अजून एक, अटींमध्ये बसत असलात तरी. नोड पीअर शोधताना ऐकीव पत्त्यांवर जोडणी करून बघतो, त्यात १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्तेही येतात. डेटा सेंटरच्या यंत्रणेला ते नेटवर्क स्कॅनसारखं दिसतं आणि मग "तुमचा सर्व्हर हल्ला करतोय" अशी मेल येते. बाहेर जाणारी खाजगी पट्ट्यांवरची रहदारी फायरवॉलमध्ये अडवून टाका, प्रश्न मिटतो.

रेवा

मला वेगळीच अडचण आहे. गेथ पूर्ण सिंक झालाय, ताजे व्यवहार बरोबर येतात. पण दीड-दोन वर्षांपूर्वीच्या व्यवहाराचा हॅश दिला की उत्तर नल. एक्सप्लोररवर तोच व्यवहार दिसतो. याला अर्काइव्ह नोड (सगळी जुनी स्थिती ठेवणारा) लागतो का? त्याला म्हणे १२ टीबी लागतात, बॉस मला घरी पाठवेल.

बिनतारी

रेवाताई, थांबा, डिस्क मागवू नका. तो व्यवहार तुमच्याकडे आहे, फक्त त्याचा निर्देशांक नाही. गेथ मुळात शेवटच्या २३,५०,००० ब्लॉकमधल्याच व्यवहारांची हॅशनुसार यादी ठेवतो, म्हणजे जवळपास ११ महिन्यांची. व्यवहार-इतिहासाचा जो फ्लॅग आहे तो शून्य करा. इथे शून्याचा अर्थ 'सगळे'. रीस्टार्ट केल्यावर मागची यादी बनवायला वेळ घेईल, जागाही थोडी वाढेल, पण अर्काइव्हशी त्याचा संबंध नाही.

लोक 'जुना डेटा' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. जुन्या ब्लॉकमधले व्यवहार, पावत्या, लॉग हे साध्या नोडवर असतात. मर्जच्या आधीचा इतिहास टाकून दिला असेल तर सप्टेंबर २०२२ पासूनचे. हॅशवरून शोधायची यादी वेगळी, ती वर आली. आणि 'अमुक ब्लॉकला या खात्यात शिल्लक किती होती' किंवा जुन्या ब्लॉकवर एथ_कॉल (करार नुसता चालवून पाहणं), हे झालं स्टेट. साधा नोड ते फक्त शेवटच्या १२८ ब्लॉकचं ठेवतो, म्हणजे पंचवीसेक मिनिटांचं. त्यापलीकडचं विचारलं की "मिसिंग ट्राय नोड" किंवा तशाच अर्थाची एरर. अर्काइव्ह लागतो तो एवढ्यासाठीच. आणि १२ टीबी हा आकडा गेथच्या जुन्या साठवणपद्धतीचा आहे, एरिगॉन किंवा रेथवर हेच साधारण २ ते ३ टीबीत बसतं.

टोकनची जुनी शिल्लक हवी असेल तर बऱ्याचदा ट्रान्सफरचे लॉग बेरीज-वजाबाकी करूनही काढता येते. आम्ही तेच करतो. एथ_गेटलॉग्जला (लॉग मागणाऱ्या विनंतीला) मात्र लाखभर ब्लॉक एकदम मागू नका, हजार-दोन हजारांचे तुकडे करा.

तिरकस

अवांतर: २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीच्या दाखल्यांची नोंद पॉलिगॉनवर (इथेरियमसारख्या दुसऱ्या साखळीवर) ठेवणार अशी बातमी होती, ६५ हजार दाखले म्हणे. मग तो दाखला खरा का ते तपासायलाही असाच कोणाचा तरी नोड लागत असणार?

सई_म

अवांतर नाही, नेमका मुद्दा आहे. पडताळणीचं पान शेवटी कुठल्यातरी आरपीसीला विचारूनच हिरवी खूण दाखवतं. दाखल्यावर छेडछाड होऊ शकत नाही, पण उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवावाच लागतो. पॉलिगॉनचा नोडही असाच जोडीचा असतो, बोर आणि हाइमडाल. बोर हा गेथचाच फाटा. डिस्क मात्र इथेरियमपेक्षा कितीतरी जास्त खातो, कारण ब्लॉक साधारण दोन सेकंदांनी येतात.

(अवांतराला अवांतर: पॉलिगॉनच्या टेस्टनेटचं नाव आधी मुंबई होतं. २०२४ मध्ये तो बंद करून अमॉय आणला. जुनी ट्यूटोरियलं अजून मुंबईच्याच पत्त्यावर पाठवतात.)

अप्पा_सर्व्हरवाले

धागा चांगला आहे पण एका गोष्टीवर असहमत. बिनतारी म्हणतात रस्ता दुसऱ्याचा नको. मग एकच नोड ठेवला तर रस्ता तुमचा, पण तो खचला की सगळंच ठप्प. जानेवारी २०२४ मध्ये आधी बेसूत आणि मग नेदरमाइंडमध्ये दोष निघाला, ते नोड ब्लॉकच प्रक्रिया करेनात. ऑगस्ट २०२१ मध्ये गेथच्या जुन्या आवृत्त्या फुटून वेगळ्या साखळीवर गेल्या. स्वतःचा नोड आहे म्हणून तुम्ही त्यातून सुटत नाही. हिशेबाचं काम आहे म्हणता, मग दोन नोड आणि दोन वेगळे क्लायंट हवेतच.

बिनतारी

मान्य, आमचाही दुसरा नेदरमाइंडवर आहे, आणि त्याच्याही मागे एका कंपनीचा पैसे देऊन घेतलेला पत्ता राखीव आहे. पण दोन नोडमध्ये आळीपाळीने विनंत्या वाटणारा लोड बॅलन्सर लावू नका. दोघांच्या डोक्यावरचा ब्लॉक एक-दोनने वेगळा असू शकतो. पहिल्या प्रश्नाला ब्लॉक १०० आणि लगेच दुसऱ्याला ९९ असं उत्तर आलं की प्रोग्राम वेडेपिसे होतात. एक मुख्य, दुसरा तो पडला तरच.

आणि 'पडला' कसं ठरवायचं? प्रोसेस चालू आहे यावर भरवसा नको. एथ_सिंकिंग 'फॉल्स' म्हणालं तरी नको, कारण कन्सेन्सस क्लायंट बंद पडला असेल तर गेथला आपण मागे आहोत हेच कळत नाही, तो शांतपणे फॉल्सच सांगतो. ताज्या ब्लॉकवरची वेळ वाचा, आत्ताच्या वेळेतून वजा करा. फरक मिनिटभराच्या वर गेला की आम्हाला अलर्ट येतो. सगळ्या देखरेखीत हा एक आकडा मी सर्वांत जास्त मानतो. त्याखालोखाल डिस्कवरची मोकळी जागा.

हिशेबाची नोंद आम्ही 'लेटेस्ट'वर (सर्वांत ताज्या ब्लॉकवर) करतच नाही, 'फायनलाइज्ड' (कायमच्या पक्क्या झालेल्या) ब्लॉकवर करतो. सुमारे १३ मिनिटं मागे राहतो, पण नोंद उलटत नाही.

म्युनिचकर

फक्त फायनलाइज्ड दर वेळी पुढे सरकेलच असं कोडमध्ये गृहीत धरू नका. ११ आणि १२ मे २०२३ ला मेननेटची फायनॅलिटी थांबली होती, एकदा सुमारे २५ मिनिटं, दुसऱ्यांदा तासाभराहून जास्त. ब्लॉक येत होते, ही खूण मात्र जागची हलत नव्हती. अशा वेळी प्रोग्रामने वाट बघावी, घाबरून लेटेस्टवर उडी मारू नये.

रेवा

फ्लॅग बदलला, यादी मागे मागे भरत चालली आहे. मागच्या वर्षीचा पहिला व्यवहार सापडला! आता शेवटचं: टीममधल्या चौघांना बाहेरून वापरायचाय. इंजिन-एक्स (विनंत्या पुढे पाठवणारा वेब सर्व्हर) पुढे ठेवून नोड त्याच्या मागे ठेवला तर गेथ "इन्व्हॅलिड होस्ट" म्हणून ४०३ देतो. इंटरनेटवर सगळीकडे व्हीहोस्टला (कुठल्या नावाने आलेल्यांना येऊ द्यायचं त्या यादीला) तारा (*, म्हणजे कोणीही) टाका म्हणून सांगितलंय. आणि वेबसॉकेट मध्येच तुटतं.

बिनतारी

चौघंच असतील तर इंजिन-एक्स कशाला, वायरगार्ड (व्हीपीएन) लावा. चार किल्ल्या, पोर्ट कोणालाच दिसत नाही. इंजिन-एक्स हवाच असेल तर तारा नको, तुमचं नेमकं डोमेन व्हीहोस्टमध्ये लिहा. ती तपासणी ब्राउझरमधून कोणी आडवळणाने तुमच्या नोडशी बोलू नये म्हणून आहे. विनंत्यांवर मर्यादा घालताना ध्यानात ठेवा की एका बॅच विनंतीत शेकडो प्रश्न भरता येतात आणि इंजिन-एक्सला ती एकच दिसते. गेथ मुळात हजारपर्यंत चालवून घेतो, तो आकडा खाली आणा.

वेबसॉकेटचं कारण बहुतेक ६० सेकंदांचं आहे. इंजिन-एक्स मागच्या बाजूने मिनिटभर काहीच आलं नाही तर जोडणी तोडतो. नव्या ब्लॉकची वर्दी मागितली असेल तर दर १२ सेकंदांनी काहीतरी येतं, म्हणून ती टिकते. क्वचित हलणाऱ्या एखाद्या कराराच्या लॉगची वर्गणी असेल तर तीच तुटते. ती मुदत तासाभराची करा, किंवा त्याच जोडणीवर नव्या ब्लॉकची वर्गणीही घ्या. आणि जोडणी पुन्हा लागली की शेवटच्या प्रक्रिया केलेल्या ब्लॉकपासून एथ_गेटलॉग्जने मधली भर काढून घ्या, मधल्या काळातल्या नोंदी वेबसॉकेट परत पाठवत नाही.